थेरी पटाचारा : शोकातून मुक्तीकडे

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध होतो आणि त्या निरोधाचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये आपण विहारात बोटांवर मोजून सांगतो. पण घरात मयत झाली म्हणजे चारही सत्ये कुठल्या कुठे जातात! म्हणून या स्मरणिकेत आम्ही थेरी पटाचारेचे चरित्र देत आहोत.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी श्रावस्तीच्या एका श्रीमंत श्रेष्ठीच्या घरी ती जन्मली. घरच्याच नोकरावर तिचे मन बसले. आईबापांनी बरोबरीच्या घरात लग्न ठरवताच ती त्याच्यासोबत निघून गेली आणि दूरच्या खेड्यात कष्टाचा संसार करू लागली.

दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले तशी ती थोरल्याला घेऊन माहेरच्या वाटेला लागली. नवरा मागोमाग आला. वाटेत वादळाने गाठले. आडोशासाठी फांद्या तोडायला गेलेला नवरा साप चावून मेला. इकडे भर पावसात ती बाळंत झाली. सकाळी नदीला पूर! तान्ह्याला पैलतीरी ठेवून ती थोरल्याला आणायला परत फिरली, तोच ससाण्याने बाळ उचलले. तिने मधूनच हात उंचावून आरोळी ठोकली. आई बोलावते असे समजून थोरला पाण्यात उतरला अन् वाहून गेला. श्रावस्तीजवळ येते तो कळले, रात्री घर कोसळून आईबाप आणि भाऊही गेले.

तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळाले तरी तिला कळेना. वेडी म्हणून लोक तिला हाकलू लागले. जेतवनातही लोकांनी तिला अडवले, पण भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले. ती भानावर आली, कुणीतरी पांघरायला वस्त्र दिले. मग भगवंतांनी तिला समजावले, की मरणापासून पुत्र, पिता, आप्त कुणीच राखू शकत नाही. शीलाने वागून निर्वाणाचा मार्ग स्वच्छ करणे एवढेच आपल्या हाती आहे. मेलेली मुले परत मिळतील, असा खोटा दिलासा त्यांनी दिला नाही.

पटाचारा भिक्खुणी झाली. एकदा पाय धुताना तिने पाहिले, पाण्याचा एक ओघळ लगेच जिरला, दुसरा थोडा पुढे गेला, तिसरा त्याहून पुढे. माणसेही अशीच, कुणी बालपणी, कुणी मध्यम वयात, कुणी म्हातारपणी जाते. अनित्यता तिला पटली. पुढे एका रात्री दिव्याची वात खाली ओढताच ज्योत विझली, आणि तिचे चित्त मुक्त झाले. विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत भगवंतांनी तिला अग्रस्थान दिले. पुत्रशोकाने पोळलेल्या कितीतरी बाया तिच्याकडे येत आणि ती त्यांना सावरी.

तिचे दुःख कुणी मंत्राने, नवसाने घालवले नाही. ते तिने उघड्या डोळ्यांनी पाहिले, आसक्ती सोडली आणि मार्गावर चालली. आपल्या वस्तीत कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर आधी मायेचे वस्त्र पांघरावे, धम्म मग सांगावा. थेरी पटाचारेला आमचे विनम्र अभिवादन!

नमो बुद्धाय! जय भीम!