मोटार विकून मिकीला आवाज देणारे वॉल्ट डिस्ने

मिकी माऊस पोराटोरांना माहीत आहे. त्याचे मालक वॉल्ट डिस्ने शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १९०१ चा, शिकागोतला. बालपण मार्सेलिन गावच्या शेतावर. वडील आजारी पडले, शेत विकावं लागलं. मग शहरात पहाटे उठून पेपर टाकले.

१९२८ मध्ये त्यांचा गाजलेला ऑस्वाल्ड ससा हातून गेला, कारण हक्क कंपनीकडे होते. मित्र अब आयवर्क्सनी उंदीर रेखाटला. त्याची पहिली दोन मुकी कार्टून कोणी घेईना. तिसऱ्याला आवाज जोडायचं ठरलं. पहिलं रेकॉर्डिंग फसलं, पैसे संपले. डिस्नेंनी मोटार विकली, वादक पुन्हा बोलावले. १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कमध्ये ‘स्टीमबोट विली’ लागलं अन् लोकांनी डोक्यावर घेतलं.

डिस्ने १९६६ मध्ये गेले. मिकीचे हक्क त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत.