साक्षीदार गोखले

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव तुम्ही गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून ऐकले असेल. येथे मात्र साक्षीदार म्हणून त्यांचा परिचय करून घ्यावयाचा आहे, आणि त्यासाठी १८९७ हे एकच वर्ष बारकाईने पाहणे पुरेसे आहे.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यापुढे साक्ष देण्यास पुण्याच्या डेक्कन सभेने फर्ग्युसन महाविद्यालयातील या प्राध्यापकाला लंडनला धाडले. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी ९ मे १८६६ रोजी जन्मलेल्या गोखल्यांना तेव्हा एकतीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. वाटेत कॅले येथे पडून त्यांच्या छातीला इजा झाली. तशा प्रकृतीतच एप्रिलमध्ये ते आयोगापुढे उभे राहिले.

साक्षीची रीत अशी होती : आधी लेखी निवेदन द्यावयाचे, मग त्यावरील उलटतपासणीस तोंड द्यावयाचे. गोखल्यांच्या निवेदनामागे न्यायमूर्ती रानडे यांचे मार्गदर्शन आणि आकडेशास्त्रात निष्णात असलेल्या गणेश व्यंकटेश जोशी यांचे परिश्रम होते. लष्कराचा वाढता खर्च, युरोपीय अधिकाऱ्यांचे भारी वेतन, इंग्लंडच्या हिताचा खर्च हिंदुस्थानच्या माथी मारण्याची पद्धत, हे त्यांचे मुद्दे. ते मांडताना आधार घेतला तो सरकारच्याच हिशेबांचा. प्रश्नकर्त्यांपैकी दादाभाई नौरोजींसारखे मोजकेच अनुकूल होते. तरी गोखले डगमगले नाहीत. आयोगाच्या बहुमताने पुढे फारसे काही दिले नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

याच मुक्कामात पुण्याहून पत्रे आली. प्लेगच्या घरतपासणीत गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची, त्यांत दोन स्त्रियांवरील अत्यंत गंभीर प्रसंगाची, हकिकत त्यांत होती. गोखल्यांनी ती इंग्रजी वृत्तपत्रातून प्रकट केली. मुंबईत परतताच सरकारने पुरावा मागितला. पत्रलेखक पुढे येण्यास धजले नाहीत. गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत आणि लेखी, बिनशर्त क्षमा मागितली. टिळक नुकतेच कारागृहात गेले होते, त्यामुळे लोकांचा रोष अधिकच भडकला. एरवी एकेक आकडा पारखून घेणारा हा माणूस येथे जवळच्यांच्या शब्दावर विसंबला. प्लेगच्या काळात पुणेकरांचा छळ झाला नाही, असा याचा अर्थ मात्र तुम्ही काढू नये. सिद्ध करता येईल असा साक्षीदार त्यांच्या हाती नव्हता, इतकेच.

पुढे १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात त्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे गाजली. १९१२ मध्ये सरकारी नोकऱ्यांविषयीच्या इस्लिंग्टन आयोगावर सदस्य म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि आता प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूस बसून ते साक्षीदारांची तपासणी करू लागले. त्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.