तराजूवाले शास्त्रज्ञ लॅव्हॉझिए

आंत्वान लॅव्हॉझिए हे फ्रान्स देशातील थोर शास्त्रज्ञ होते. त्यांना आधुनिक रसायनशास्त्राचे जनक म्हणतात. त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस शहरात झाला. वडील वकील होते. घरची परिस्थिती चांगली होती. पण आंत्वान पाच वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. मग मावशीने त्यांना सांभाळले. मोठेपणी तेही वकिलीची परीक्षा पास झाले. पण त्यांचं मन वकिलीत रमलं नाही. त्यांना प्रयोगाचा नाद लागला.

त्या काळी पुष्कळ लोकांना वाटायचं, की पाणी खूप उकळलं की त्याची माती होते. कारण भांड्याच्या तळाला साका दिसायचा. १७६८ साली लॅव्हॉझिएंनी काचेच्या बंद भांड्यात पाणी घेतलं आणि ते १०१ दिवस तापवत ठेवलं. आधी वजन केलं होतं. नंतर परत वजन केलं. सगळं मिळून वजन तेवढंच भरलं. पण रिकामं भांडं मात्र पहिल्यापेक्षा हलकं झालं होतं. म्हणजे साका पाण्यातून आला नव्हता, तो काचेतून आला होता. नुसतं बघून जे कळलं नाही, ते तराजूनं सांगितलं.

१७७१ साली त्यांचं लग्न झालं. पत्नीचं नाव मारी-आन. ती तेव्हा फक्त १३ वर्षांची होती. पण ती फार हुशार निघाली. ती इंग्रजी शिकली आणि इंग्रजी पुस्तकांतलं शास्त्र नवऱ्याला फ्रेंचमध्ये करून द्यायची. प्रयोगाच्या नोंदी ठेवायची आणि भांड्यांची सुंदर चित्रे काढायची.

आता मोठा प्रश्न होता, वस्तू जळते म्हणजे काय होते? चुलीत मोठं लाकूड घातलं तरी राख मूठभरच उरते. म्हणून लोक म्हणत, की जळताना वस्तूतून काहीतरी निघून जातं. लॅव्हॉझिएंनी गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले. जळल्यावर जे तयार झालं त्याचं वजन चक्क वाढलं होतं! मग त्यांनी पारा थोड्या हवेबरोबर १२ दिवस तापवला. पाऱ्यावर तांबडी पूड जमली आणि आतली हवा कमी झाली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझून जाई. मग ती तांबडी पूड जास्त तापवली. तिच्यातून वायू बाहेर आला. त्यात मेणबत्ती लखलखून पेटली.

हा वायू शेले आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी आधीच मिळवला होता. पण तो काय काम करतो ते लॅव्हॉझिएंनी ओळखलं. त्याला त्यांनी ऑक्सिजन हे नाव दिलं. आपण त्याला प्राणवायू म्हणतो. वस्तू जळते तेव्हा ती हवेतला प्राणवायू घेते. लोखंड गंजतं तेव्हाही घेते. म्हणून गंजलेलं लोखंड गंजासकट तोललं तर जास्त भरतं. आपण श्वास घेतो तेव्हाही शरीरात प्राणवायू जातो.

मग लाकूड कुठे गेलं? ते नाहीसं झालं नाही. त्याचा धूर, वायू आणि वाफ होऊन वर गेली. ते सगळं पकडून राखेबरोबर तोललं, तर लाकूड आणि त्यानं घेतलेला प्राणवायू यांच्या वजनाइतकंच भरेल. पदार्थाचं रूप बदलतं, पण वजन हरवत नाही. यालाच वस्तुमान अक्षय्यतेचा नियम म्हणतात. १७८९ साली त्यांनी रसायनशास्त्राचं मोठं पुस्तक लिहिलं. त्यात ३३ मूलतत्त्वांची यादी होती. पुस्तकातली चित्रे मारी-आननी काढली होती.

पण लॅव्हॉझिएंचा आणखी एक धंदा होता. राजासाठी लोकांकडून कर गोळा करणाऱ्या कंपनीत ते भागीदार होते. त्या पैशातून ते प्रयोगाची महागडी उपकरणे आणत. ही कंपनी मिठावरसुद्धा कर घ्यायची. गरीब लोक त्यामुळे फार चिडलेले होते आणि त्यांचं चिडणं काही खोटं नव्हतं. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. १७९३ साली कर गोळा करणाऱ्यांना पकडण्यात आलं. त्यात लॅव्हॉझिए होते आणि मारी-आनचे वडीलही होते. ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी गिलोटिन नावाच्या यंत्राने २८ जणांची डोकी उडवली. एका दिवसात मारी-आनचे वडील गेले आणि नवराही गेला. लॅव्हॉझिए तेव्हा ५० वर्षांचे होते. ज्यांनी पाणी १०१ दिवस पारखलं, त्यांचा न्याय एका दिवसात उरकला.

पुढच्या वर्षी सरकारने त्यांची जप्त केलेली मालमत्ता मारी-आनला परत दिली. तिने त्यांचं राहिलेलं लिखाण छापून घेतलं. माणूस मात्र परत आला नाही.

मित्रांनो, क्रांतीनंतर फ्रान्समध्ये नवीन वजने-मापे ठरवली, त्या मंडळातही लॅव्हॉझिए होते. त्यातूनच मीटर आणि किलोग्रॅम आले. भारतात त्याचा कायदा १९५६ साली झाला. आपल्या गावातल्या दुकानात साखर ज्या किलोने तोलतात, त्या किलोलासुद्धा या तराजूवाल्या शास्त्रज्ञाचा हात लागलेला आहे.

– इयत्ता चौथी