स्पॅनिश भाषा फुटू नये म्हणून झटलेले आंद्रेस बेयो

स्पॅनिशमधलं ‘आब्लो’ हे क्रियापद घ्या. उच्चारात त्याचे दोन तुकडे पडतात, आ-ब्लो. जोर ‘आ’वर दिला तर अर्थ होतो ‘मी बोलतो’. तोच जोर ‘ब्लो’वर गेला की अर्थ होतो ‘तो बोलला’. म्हणजे जोर चुकला की माणूसही बदलतो आणि काळही.

अशा बारकाव्यांवर आयुष्यभर काम करणारे आंद्रेस बेयो स्पेनचे नव्हते. त्यांचा जन्म १७८१ साली वेनेझुएलातल्या काराकासचा. काही काळ त्यांनी सिमोन बोलिव्हारला शिकवलंही. १८१० मध्ये स्वातंत्र्यासाठी मदत मिळवायला दोघं लंडनला गेले. बोलिव्हार परतला, बेयो मात्र १९ वर्षं तिथेच अडकले. पैशांची कायम चणचण होती. १८२९ मध्ये चिलीने नोकरी दिली आणि ते सॅन्टियागोला गेले. मायदेशी परतणं झालंच नाही.

तोवर लॅटिन अमेरिकेत एकामागून एक नवे देश उभे राहिले होते. बेयोंना भीती वाटत होती ती वेगळीच. रोमन साम्राज्य कोसळल्यावर लॅटिनच्या जशा अनेक भाषा झाल्या, तसंच स्पॅनिशचं झालं तर? मग या देशांना एकमेकांचे कायदेही वाचता येणार नाहीत.

म्हणून १८३५ मध्ये त्यांनी उच्चार आणि छंदांवर पुस्तक लिहिलं. शेजारी आलेले दोन स्वर कधी एकत्र बोलायचे, कधी वेगळे, हा त्यातला महत्त्वाचा प्रश्न. उदाहरणार्थ, ‘मी बदलतो’ म्हणजे कांब-यो, दोनच तुकडे. पण ‘मी पाठवतो’ म्हणजे एम-बी-ओ, तीन तुकडे आणि जोर ‘बी’वर. दोन्ही मूळ क्रियापदांचा शेवट सारखाच, चाल मात्र वेगळी.

१८४१ मध्ये क्रियापदांच्या काळांवर आणि १८४७ मध्ये खास अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी त्यांचं व्याकरण आलं. स्पॅनिशला लॅटिनच्या साच्यात कोंबायला त्यांचा विरोध होता. तरीही अर्जेंटिनाहून आलेल्या सार्मिएन्तोसारख्या तरुण लेखकांना १८४२ च्या वादात बेयोंची बाजू जुनाट वाटली. भाषा लोक घडवतात, पंडित नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

चिली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि चिलीच्या नागरी संहितेचे शिल्पकार असलेले बेयो १८६५ मध्ये वारले. बोलीभाषा बदलत राहिल्या, पण स्पॅनिश फुटली नाही. मेक्सिकोच्या शाळांत क्रियापदांच्या काळांना आजही त्यांनी दिलेली नावं वापरतात.