राम गणेश गडकरी

राम गणेश गडकरी (२६ मे १८८५ – २३ जानेवारी १९१९) हे मराठी नाटककार, कवी व विनोदी लेखक होते. त्यांनी ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता व ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेखन केले. पुण्यातील संभाजी उद्यानात त्यांचा अर्धपुतळा होता.

जीवन

गडकरींचा जन्म सध्याच्या गुजरातमधील नवसारी जिल्ह्यात झाला. बालपणीच वडिलांचे छत्र हरपल्यानंतर ते पुण्यास आले. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले व कंपनीतील मुलांना शिकवू लागले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना ते गुरू मानत.

लेखन

‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’, ‘एकच प्याला’ व ‘भावबंधन’ ही त्यांची पूर्ण झालेली नाटके होत. दारूपायी एका सुखी संसाराची कशी धूळधाण होते, हे ‘एकच प्याला’त दाखवले आहे.

बाळकरामाच्या लेखनात तिंबूनाना व त्याची मुलगी ठकी ही पात्रे येतात. ठकीचे लग्न जमवताना उडणाऱ्या तारांबळीतून त्यांनी तत्कालीन विवाहपद्धतीची थट्टा केली. ‘सकाळचा अभ्यास’ हे प्रहसन शाळकरी मुलांच्या अभ्यासातील गोंधळावर आहे. नुकतेच वाचू लागलेल्या बालकांसाठी त्यांनी जोडाक्षरे टाळून ‘चिमुकली इसापनीती’ लिहिली.

निधन

क्षयाने आजारी असलेल्या गडकरींनी अखेरच्या दिवसांत ‘भावबंधन’ पूर्ण केले. नागपूरजवळील सावनेर येथे वयाच्या ३३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने त्यानंतर काही आठवड्यांतच केला, तो पाहण्यास लेखक हयात नव्हते. छत्रपती संभाजी महाराजांवरील ‘राजसंन्यास’ हे नाटक अपूर्णच राहिले.

पुतळा

संभाजी उद्यानातील पुतळा १९६२ मध्ये बसवण्यात आला. ‘राजसंन्यास’मधील संभाजी महाराजांच्या चित्रणावर आक्षेप घेऊन ३ जानेवारी २०१७ रोजी पहाटे तो उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. संभाजी ब्रिगेडने या कृत्याची जबाबदारी स्वीकारली. साहित्यिक व नाट्यकर्मींनी त्याचा निषेध केला. ज्या नाटकावरून हा वाद झाला, त्यावर शेवटचा हात फिरवण्याची संधी लेखकाला मिळालीच नव्हती. ठाण्यातील ‘राम गणेश गडकरी रंगायतन’ हे नाट्यगृह त्यांच्या नावाने ओळखले जाते.