कोड्यातील सचोटी

सकाळच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळालेला एखादा कारकून वर्तमानपत्राची चौपदरी घडी करतो, खिशातील पेन काढतो आणि शेजाऱ्याला विचारतो, भीमाचा शंख, दोन अक्षरे. शेजारी शिक्षक असतो, पण अर्जुनाच्या धनुष्याइतका भीमाचा शंख त्याच्या ओठांवर नसतो. तेवढ्यात आडव्या शब्दाचे एक अक्षर उभ्या शब्दातून हाती लागते आणि ‘पौंड्र’ हा विस्मृतीत गेलेला शब्द अकस्मात वर येतो. या क्षणाचा आनंद निर्मळ असतो, कारण उत्तर आपल्याला ठाऊक होते व ते आपण शोधून काढले, असे दोघांनाही प्रामाणिकपणे वाटते. असे वाटावे यासाठी कोणीतरी पडद्याआड झिजलेले असते. शब्दकोड्याच्या इतिहासात ही झीज सर्वात अधिक कोणी सोसली असेल, तर ती मार्गारेट फॅरर या अमेरिकन विदुषीने.

शब्दकोड्याच्या जनकत्वाचा मान त्यांचा नव्हे. तो लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन या पत्रकाराचा. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्याने हिऱ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. वाचकांनी ते उचलून धरले; पण संपादकीय विभागाला ते नको असलेले अपत्य वाटत असे. कोडी वाचकांकडूनच येत, ती तपासण्यास कोणाला वेळ नसे आणि मग चौकटींचे आकडे चुकत, शोधसूत्रे गळत, शब्द अशुद्ध छापले जात.

मार्गारेट पेथरब्रिज यांचा जन्म १८९७ सालचा, न्यूयॉर्कचा. १९१९ मध्ये स्मिथ महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या १९२१ च्या सुमारास ‘वर्ल्ड’च्या रविवार आवृत्तीच्या संपादकाच्या सचिव म्हणून रुजू झाल्या. कचेरीतील सर्वात कनिष्ठ व्यक्तीच्या गळ्यात सर्वात नावडते काम पडते, हा जगभरच्या कचेऱ्यांचा नियम आहे. कोडी त्यांच्या टेबलावर आली. आरंभी त्यांनीही तेच केले, जे त्यांच्यापूर्वी होत होते. दिसायला बरे वाटेल ते कोडे निवडावे, छापखान्यात धाडावे आणि वाचकांच्या तक्रारींची पत्रे बाजूला सारावीत.

पुढे फ्रँकलिन ॲडम्स हे नामवंत स्तंभलेखक ‘वर्ल्ड’मध्ये आले. त्यांना कोड्यांचे वेड होते आणि चुका घेऊन ते थेट मार्गारेट यांच्या टेबलाशी येत. या कटकटीला कंटाळून एके दिवशी त्यांनी आपणच छापलेले कोडे स्वतः सोडविण्यास घेतले आणि ते सुटेना. सुटेना, कारण त्यांचे ज्ञान तोकडे होते म्हणून नव्हे, तर कोडेच सदोष होते म्हणून. त्या दिवशी एक हात शब्दकोशावर ठेवून व दुसरा वर करून आपण शपथ घेतली, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. प्रसंग गमतीचा खरा. परंतु त्यानंतर सहा दशके त्या त्या शपथेला जागल्या, ही गोष्ट गमतीची नाही.

त्यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कोड्याला नियम दिले. आकृती उलटी धरली तरी काळ्या चौकटींची रचना तीच दिसली पाहिजे. काळ्या चौकटी एकूण चौकटींच्या साधारण एक षष्ठांशाहून अधिक नसाव्यात. सर्वात महत्त्वाचा नियम असा की, प्रत्येक अक्षर आडव्या व उभ्या अशा दोन्ही शब्दांत यावे. वरकरणी हे नियम सौंदर्याचे वाटतात. वस्तुतः शेवटचा नियम न्यायाचा आहे. एखादी नदी, एखादा प्राचीन देव वाचकाला ठाऊक नसेल, तर त्याला दुसऱ्या बाजूने वाट मोकळी असली पाहिजे. अज्ञानाला शिक्षा नव्हे, तर संधी द्यायची, हे तत्त्व या नियमात दडलेले आहे.

१९२४ साली सायमन व शुस्टर या दोन तरुणांनी प्रकाशनाचा व्यवसाय थाटला आणि पहिलेच पुस्तक शब्दकोड्यांचे काढले. हसे होईल या भयाने त्यांनी त्यावर आपल्या संस्थेचे नावही घातले नाही. पुस्तकासोबत एक पेन्सिल होती, पहिली आवृत्ती ३,६०० प्रतींची होती आणि तिघा संपादकांत मार्गारेट होत्या. वर्ष संपण्यापूर्वी खप लाखांवर गेला. देशभर कोड्यांची साथ पसरली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र त्याच वर्षी अग्रलेख लिहून या छंदाची संभावना वेळेचा अपव्यय म्हणून केली.

१९२६ मध्ये मार्गारेट यांनी प्रकाशक जॉन फॅरर यांच्याशी विवाह केला. १९३१ मध्ये ‘वर्ल्ड’ बंद पडले; तीन मुलांचा संसार सांभाळून कोड्यांच्या पुस्तकांचे संपादन चालूच राहिले. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात ओढली गेली, आणि अंधाराच्या त्या दिवसांत वाचकाला घटकाभर विसावा हवा, हे ‘टाइम्स’लाही उमगले. ज्या पत्राने कोड्याला नावे ठेवली, त्याच पत्रात १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पहिले रविवारचे कोडे प्रसिद्ध झाले आणि त्याच्या पहिल्या संपादक मार्गारेट फॅरर झाल्या. १९५० पासून कोडे रोजचे झाले. १९६९ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले.

या काळात त्यांनी कोड्यातील ज्ञानाची कक्षाच पालटली. केवळ अक्षरे जुळतात म्हणून कोशाच्या अडगळीतून ओढून आणलेल्या मृत शब्दांची जागा त्यांनी हळूहळू चालू बातम्या, पुस्तके, नाटके आणि बोलीतील वाक्प्रचार यांना दिली. रोग व मृत्यू यांचे शब्द त्या टाळीत. सामान्य वाचकाच्या अनुभवविश्वात जे येऊ शकते, तेच विचारायचे, पण ते अशा बाजूने की त्याला क्षणभर थबकावे लागेल, ही त्यांची रीत. संपादकाने वाचकाला हरवायचे नसते, हे त्यांना कळले होते.

याच्या नेमके उलट चित्र आपल्याकडे दिसले होते. स्वातंत्र्याच्या आगेमागे भारतात बक्षिसी शब्दकोड्यांचा सुळसुळाट झाला होता. त्यांतील शोधसूत्र मुद्दाम दुटप्पी ठेवले जाई. उदाहरणार्थ, माणसाची परीक्षा काय गेल्यावर होते, असे विचारले तर धन आणि मान ही दोन्ही उत्तरे चपखल बसतात. बरोबर कोणते, ते संयोजकांच्या मोहोरबंद पाकिटात. येथे ज्ञान निरुपयोगी होते, केवळ नशीब उपयोगी होते. मुंबई राज्याने १९४८ मध्ये आणि केंद्राने १९५५ मध्ये कायदे केले. केंद्राच्या कायद्याने महिन्याच्या एकूण बक्षिसांवर एक हजार रुपयांची मर्यादा घातली, आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा स्पर्धा हा व्यापार नसून जुगार आहे, असा निर्वाळा दिला. चौकटी त्याच, पेन्सिल तीच. फरक होता तो शोधसूत्राच्या सचोटीचा.

हा फरक कोड्यांपुरता मर्यादित नाही, म्हणूनच येथे त्याचा प्रपंच केला. आज लक्षावधी तरुण स्पर्धापरीक्षांत चार पर्यायांपैकी एकावर खूण करीत आहेत. प्रथम उत्तरतालिका निघते, मग हरकती येतात, मग सुधारित तालिका निघते आणि काही प्रश्न रद्दच होतात. चूक मान्य करण्याची ही पद्धत स्वागतार्ह आहे. परंतु एका गुणाने मागे राहणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष तिने परत मिळत नाही. प्रश्न काढणाऱ्याने तो छापण्यापूर्वी एकदा परीक्षार्थी होऊन सोडविला असता, तर यांतील कितीतरी दोष टळले असते. शाळेच्या चाचणीपासून खात्याच्या परीक्षेपर्यंत हे लागू आहे.

मार्गारेट फॅरर १९८४ मध्ये निवर्तल्या. तोवर त्यांच्या हातून कोड्यांच्या शंभराहून अधिक पुस्तकांचे संपादन झाले होते. त्यांनी कोणताही सिद्धांत मांडला नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी आपल्यालाच शोधता येते का, एवढेच त्यांनी आयुष्यभर तपासून पाहिले. प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्या सर्वांनी एवढे जरी केले, तरी उत्तर देणाऱ्यांवर मोठे उपकार होतील.