अल-जब्र आणि अल-ख्वारिझ्मी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या ज्या वहीवर ‘बीजगणित’ असे लिहिलेले असते, त्याच विषयाला इंग्रजी शाळेत ‘अल्जिब्रा’ म्हणतात. उर्दू शाळेत शिकलेल्या आजोबांना विचाराल, तर ते कदाचित ‘जब्र व मुकाबला’ हे जुने नाव सांगतील. बीजगणित हा शब्द आपल्या देशातला, भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या ग्रंथाला तेच नाव दिले. अल्जिब्रा मात्र बगदादहून निघाला, एका पुस्तकाच्या नावातून.

त्या पुस्तकाचे कर्ते मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी. जन्म इ. स. ७८० च्या सुमाराचा. ख्वारिझ्म हा अरल समुद्राच्या दक्षिणेकडील मुलूख, त्यावरून हे नाव पडले. खलीफा अल-मामून (८१३ ते ८३३) यांच्या काळात ते बगदादला ‘बैतुल हिकमा’ या विद्यागृहात होते. ग्रीक आणि इतर भाषांतील ग्रंथ तेथे अरबीत उतरवले जात. ख्वारिझ्मींनी ग्रह-ताऱ्यांची कोष्टके केली, भूगोल लिहिला. पण नाव राहिले ते ‘अल-जब्र व अल-मुकाबला’ या हिशेबाच्या पुस्तकामुळे.

‘जब्र’ म्हटले की आपल्याला जुलूम आठवतो. येथे तो अर्थ नाही. मोडलेले हाड पुन्हा सांधणे, उणे असेल ते भरून काढणे, हा येथला अर्थ. दहातून एक अज्ञात संख्या वजा केली आणि ती त्याच संख्येच्या चौपटीबरोबर आली, असे समजा. दहाचे हे ‘मोडलेपण’ दोन्ही बाजूंस ती संख्या मिळवून भरून काढा. दहा बरोबर पाचपट, म्हणजे संख्या २. हा झाला जब्र. मुकाबला म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करणे: इकडे ५० आणि तिकडे २९ असतील तर २९ दोन्हीकडून काढायचे, इकडे २१ उरतात.

गंमत अशी की या पुस्तकात क्ष नाही, अधिक-उण्याची चिन्हे नाहीत. सारे शब्दांत. अज्ञाताला ‘शै’, म्हणजे वस्तू, म्हटले आहे. त्यातले एक गणित वहीवर करून पाहा. एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून ३९ होतात. एक चौरस काढा. त्याच्या लगतच्या दोन बाजूंना पाच-पाच रुंदीच्या दोन पट्ट्या जोडा. झाले ३९. कोपऱ्यात पाच बाय पाचची जागा रिकामी दिसेल. ती २५ ने भरा. मोठा चौरस ६४ चा, त्याची बाजू ८. पाच काढले, उरले ३. ज्यांना वर्गसमीकरण घोकूनही उमगले नाही, त्यांनी ही आकृती एकदा काढावीच.

पालकहो, या पुस्तकाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे. एक स्त्री वारली. मागे पती, एक मुलगा, तीन मुली. एका परक्या माणसाला तिने मालमत्तेचा एक अष्टमांश आणि एक सप्तमांश लिहून ठेवला आहे. हिशेब असा लागतो की मालमत्तेचे ११२० भाग करावेत: परक्याला ३००, पतीला २०५, मुलाला २४६, प्रत्येक मुलीला १२३. बेरीज करून पाहा. मुलीचा वाटा तोंडी सांगून मोकळे होणाऱ्या घरांत हे गणित कागदावर मांडले जावे, असे मला वाटते.

गणित आम्हीच शोधले, असे आपल्या व्यासपीठांवरून कधी कधी ऐकू येते. ते खरे नाही. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्येच शून्य आणि ऋण संख्यांचे नियम दिले होते. ख्वारिझ्मींनी ऋण संख्या टाळल्या, म्हणून त्यांना समीकरणांचे सहा प्रकार वेगवेगळे सोडवावे लागले. आपल्या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी हिंदी अंकांची पद्धत समजावली आणि ती हिंदची आहे, हे लपवले नाही.

पहिल्या पुस्तकाचे लॅटिन भाषांतर ११४५ मध्ये स्पेनमधील सेगोव्हिया येथे चेस्टरच्या रॉबर्टने केले. त्याच स्पेनमध्ये हाडवैद्यालाही ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. अंकांच्या पुस्तकाची मूळ अरबी प्रत हरवली, लॅटिन रूप राहिले. त्यात ‘ख्वारिझ्मी’चे ‘अल्गोरिझ्मी’ झाले, आणि आज संगणकाला पायरीपायरीने सांगितलेल्या कृतीला जगभर ‘अल्गोरिदम’ म्हणतात, ते याच नावावरून.